गोळीची वेळ आणि रांगेची वेळ

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की सेलूच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न नेमाने येऊ लागतो. रक्तदाबाचा पट्टा दंडावरून सोडवीत असतानाच आजोबा किंवा आजी संकोचाने विचारतात, "मुलगा सहलीला चला म्हणतो आहे. जाऊ का?" पूर्वी ही सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, फार तर तिरुपती असे. आता स्थळ नातवंडे ठरवितात. निजामाच्या राज्यात आपले आजे-पणजे कोर्टकचेरीसाठी ज्या हैदराबादला जात, त्याच हैदराबादला आता परभणी जिल्ह्यातील कुटुंबे १९९६ साली उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी पाहण्यासाठी जातात. ज्यांना मुंबई-पुण्याची वाट जवळची वाटते, ते खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात. ते २०१३ साली सुरू झाले. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले तेव्हा मुलांचा हात धरून पाळण्यांत बसलेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे आणि नातवंडांच्या पिशव्या सांभाळत सावलीतल्या बाकावर बसते.

या बाकावरच्या माणसांच्या जेवणाविषयी आज लिहावयाचे आहे. त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक जुने रुग्ण, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक. चौदा वर्षांचा मधुमेह, थोडा रक्तदाब. पुण्याहून मुलगा-सून आणि दोन नातवंडे आली होती आणि सर्वांनी मिळून एका मोठ्या उद्यानात दोन दिवस काढावयाचे ठरले होते. ते कोणते उद्यान, याला महत्त्व नाही, कारण दोष तेथला नव्हता. गुरुजींनी नेहमीप्रमाणे तपासणीचे कागद पुढे ठेवले. उपाशीपोटीची साखर ९२, तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ६.३. मी कौतुक केले, रक्तदाब पाहिला आणि म्हणालो, "खुशाल जा, गुरुजी. फक्त तळलेले आणि गोड टाळा." बाहेर वीस-पंचवीस माणसे थांबली होती. तेवढ्यावर आमचे बोलणे संपले.

गुरुजी हे गुरुजीच. त्यांनी माझी सूचना अक्षरशः पाळली. सकाळी सातला हॉटेलच्या खोलीत चहा-बिस्किटांबरोबर गोळी घेतली. न्याहारी उद्यानात गेल्यावर करू, असे मुलगा म्हणाला होता. दारावर रांग लागली. आत शिरताच नातवंडे पहिल्या पाळण्याकडे धावली. अकराच्या सुमारास सर्वांनी काही खाल्ले, पण समोर होते ते बटाट्याचे तळलेले काप, वडे, सामोसे, आइस्क्रीम आणि थंड पेये. डॉक्टरांनी तळलेले आणि गोड टाळावयास सांगितले होते, म्हणून गुरुजींनी पाणी पिऊन वेळ भागविली. दीडच्या सुमारास ते सुनेवर एकाएकी खेकसले. आयुष्यात ज्यांनी घरात आवाज चढविला नाही, ते एका पाण्याच्या बाटलीवरून असंबद्ध बोलू लागले. अंगरखा घामाने भिजला होता. मे महिना होता, त्यामुळे घामाचे कोणाला नवल वाटले नाही. खर्च पाहून बाबा चिडले असावेत, असे मुलाला वाटले. शेजारच्या बाकावरील एक बाई स्वतः इन्शुलिन घेणाऱ्या होत्या. त्यांनी चेहरा पाहिला, हात लावला आणि कागदी पेल्यात साखर कालवून हाती दिली. वीस मिनिटांनी गुरुजी माणसात आले, आणि आपण काय बोललो हे ऐकून दिवसभर खजील होऊन बसले.

परत आल्यावर त्यांनी हे सारे मला सांगितले. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. "आपण सांगितले तसेच केले होते," एवढेच म्हणाले.

माझ्या सल्ल्यात काय खाऊ नये ते होते. काय खावे आणि मुख्य म्हणजे केव्हा खावे, ते नव्हते. गुरुजींच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी दोन औषधे एकत्र आहेत. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते. माणूस जेवला आहे की रांगेत उभा आहे, याची त्याला वार्ता नसते. ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्याच कुळातील भावंडे. त्यांपैकी ग्लिबेनक्लामाइड वृद्धांना विशेष जाचक. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांनाही हीच सावधगिरी लागू. त्यात चालण्याची भर पडते. घरी अंगणापर्यंत जाणारा माणूस उद्यानात दिवसभरात चार-पाच किलोमीटर सहज चालतो. स्नायू तेवढी साखर वापरतात आणि हा परिणाम त्या रात्रीपर्यंतही टिकू शकतो. म्हणून सहलीच्या रात्री जेवण टाळून 'आज थकलो, नुसते दूध घेऊन निजतो' असे म्हणू नये.

यासाठी सहलीच्या आठ दिवस आधी आपल्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि एकच प्रश्न विचारावा: यांतील कोणत्या गोळीवर उपाशी राहिलेले चालत नाही? त्या गोळीवर घरच्या माणसाने शाईने खूण करावी. ती गोळी पानावर बसल्यावरच घ्यावी, खोलीतून निघताना नव्हे. नाश्ता नऊला होणार असेल तर गोळीही तेव्हाच. मात्र मात्रा कमी करावयाची की नाही, हे स्वतः ठरवू नये. गुरुजींची मात्रा मी नंतर निम्म्यावर आणली, आणि ती केवळ सहलीपुरती नाही. सत्तरी ओलांडलेल्या, अनेक औषधे घेणाऱ्या माणसाची साखर तरुणाइतकी आवळून धरण्याची गरज नसते. अनेकांच्या बाबतीत एचबीएवनसी साडेसात ते आठपर्यंत असले तरी चालते. त्या ६.३ चे मी कौतुक केले, तेथेच खरे तर मला शंका यावयास हवी होती.

साखर उतरल्याचे लक्षण म्हणजे हातांची थरथर आणि छातीत धडधड, असे आपण ऐकतो. वृद्धांत ते बरेचदा निराळे दिसते. माणूस चिडतो, गप्प होतो, शब्द चुकवतो, तोल जातो, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेने पाहतो. कधी पक्षाघात झाला असे वाटते. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर धडधड जाणवतच नाही. घाम मात्र येतो. मधुमेही आजोबा सहलीत अकारण चिडले तर आधी साखर पाहावी, मग स्वभाव. बोटाच्या तपासणीचे यंत्र जवळ असावे. आकडा ७० च्या खाली असेल, अथवा यंत्र नसेल आणि शंका असेल, तर चहाचे तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सुधारणा नसल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि बरे वाटताच पोटभर जेवू घालावे. या गोळ्यांचा अंमल बराच काळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चॉकलेट किंवा आइस्क्रीम या कामी उपयोगाचे नाही. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा. हा क्रमांक महाराष्ट्रात चालतो तसा तेलंगणातही चालतो.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे अनेकांच्या संयुक्त गोळीत व्होग्लिबोज असते, काहींच्या गोळीत अकार्बोज. ही औषधे आतड्यात साधी साखर फुटण्याचा वेग मंद करतात. त्यामुळे अशा माणसाला घरची साखर दिली तर ती वेळेवर कामास येत नाही. त्याला ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. औषधांच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. पाकिटावर ही नावे आहेत का ते आजच पाहून ठेवावे.

आता आजीकडे वळू. तिची कथा उलट आहे. आजोबा खात नाहीत म्हणून अडचणीत येतात. आजी सर्वांचे उरलेले खाते म्हणून. ताटात टाकावयाचे नाही, या संस्कारात तिचा जन्म गेला. नातवाने दोन घास घेऊन सोडलेला पिझ्झा, नातीचे अर्धे राहिलेले नूडल्स, वितळू लागलेले आइस्क्रीम, थंड होऊन वातड झालेले बटाट्याचे काप, हे सारे तिच्यापुढे येते. त्यावर पैसे मोजलेले असतात आणि ते किती मोजले हे तिने ऐकलेले असते. तिने स्वतःसाठी काही मागविलेलेच नसते. मुलगा विचारतो, "आई, तुला काय?" ती म्हणते, "मला काही नको, तुमच्यातलेच घेईन थोडे." अशा दोन दिवसांनंतर पावलांना सूज, रक्तदाब वाढलेला आणि साखर तीनशेच्या पुढे अशी एक आजी माझ्यासमोर बसते आणि शपथेवर सांगते की मी काहीच खाल्ले नाही. ती खोटे बोलत नसते. तिच्या हिशेबात जे आपल्या ताटात वाढले गेले नाही, ते खाणे नव्हेच.

येथे गोडापेक्षा मिठाचा प्रश्न मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही न भरेल एवढे मीठ सांगते. त्यात भाजी-आमटीतले मीठही आले. नूडल्स, सॉस, चीज, खारवलेले काप यांत ते न दिसता भरपूर असते. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना एवढ्यानेही रात्री धाप लागू शकते. उपाय सूनबाईंनी करावयाचा आहे, कारण आजी स्वतः तो करणार नाही. मुलांचे मागविण्याआधी आजी-आजोबांचे ताट मागवावे. मुलांसाठी आधी थोडे घ्यावे, संपल्यावर पुन्हा घ्यावे. तरीही उरलेच तर ते सुनेने किंवा मुलाने उचलावे.

ताटात काय असावे? मोठ्या उद्यानांत निदान एका ठिकाणी तरी साधे जेवण सहसा मिळते, परंतु ते दर्शनी जागी नसते. विचारावे लागते. वरण, भात, पोळी, एखादी भाजी, दही असे मिळाले की दुसरे शोधू नये. भाजी-वरण आधी खावे आणि भात नंतर, बेताने; एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. बुफे असेल तर ताट न घेता एक फेरी मारून सारे पाहावे आणि मग ताट उचलावे. अंडी खाणाऱ्यांनी उकडलेली अंडी मागावीत. हैदराबादच्या बाजूला न्याहारीला इडली-उपम्याबरोबर पेसरट्टू मिळतो. तो हिरव्या मुगाचा डोसा. मधुमेह्याला तांदळाच्या डोशाहून तो अधिक मानवतो. कमी तेलात करावयास सांगावे. भाकरीची आठवण येणाऱ्यांना तेथे जोन्न रोट्टे म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच भेटेल. जाता जाता सांगतो, भाकरीने साखर वाढत नाही हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. आपल्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे लोह-जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण उत्तमच आहे, पण तिसरी भाकरी ती तिसरी भाकरीच.

उन्हाळ्यात चिरून ठेवलेली फळे, नारळाची चटणी, बर्फ घातलेले रस, उघड्यावरचे दही यांपासून लांब राहावे. समोर गरम तयार होणारे खावे. केळे, मोसंबी अशी सालीची फळे बरी. कवळी असलेल्यांनी पॉपकॉर्न आणि मक्याचे कणीस नातवंडांना सोडून द्यावे.

प्रवासासाठी घरून नेण्यात आपला मराठवाडा कोणालाही ऐकणार नाही. धपाटे, दुधात भिजविलेल्या दशम्या, फुटाणे, सातूचे पीठ हे गाडीत उत्तम. धपाटे-दशम्या पहिल्या दिवशीच संपवाव्यात, उन्हात दुसऱ्या दिवसावर टाकू नयेत. सातू मधुमेह्याने गुळाविना, ताकात कालवून घ्यावा. शेंगदाण्याच्या चटणीतले मीठ नेहमीच्या निम्मे करावे. अडचण येते ती दारावर. पुष्कळ उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. यासाठी आधी फोन करून आजाऱ्याच्या खाण्याविषयी विचारावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. मी आता अशी चिठ्ठी मागितल्याविनाही देतो: 'हे गृहस्थ मधुमेही असून यांना दर तीन तासांनी थोडे खाणे आवश्यक आहे. फुटाणे, ग्लुकोज व औषधे जवळ बाळगू द्यावीत.' इन्शुलिन असल्यास तेही याच पिशवीत, अंगाजवळ. उन्हात तापलेल्या बसच्या सामानात ते ठेवू नये, आणि थेट बर्फालाही टेकवू नये.

पाण्याविषयी मागील अंकात उन्हाळ्याच्या निमित्ताने लिहिलेच आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते, कारण ती दवाखान्यातही कोणी मोकळेपणाने बोलत नाही. स्त्रिया स्वच्छतागृह लांब असेल या भीतीने पाणी पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. वयाबरोबर तहान मुळातच मंदावलेली असते. मग दुपारी उभे राहताना भोवळ येते आणि घरी परतल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. आत शिरल्यावर पहिला पाळणा शोधण्याआधी मुलाने स्वच्छतागृह शोधावे आणि आईवडिलांना त्याच्या जवळच्या सावलीत बसवावे. मग ती माणसे निर्धास्तपणे दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट घेतील. लघवीची गोळी घेणारे बरेच जण सहलीच्या दिवशी ती परस्पर गाळतात. तसे न करता ती संध्याकाळी घेतली तर चालेल का, हे आधी विचारावे, अनेकांना चालते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लघवी अधिक होते, त्यांनी उन्हात अधिकच जपावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर तेच पाळावे. तहानेवर उतारा म्हणून खोक्यांतली गोड पेये घेऊ नयेत.

आणि तिकिटे काढण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. एकादशी किंवा संकष्टी सहलीच्या दिवशी आली तर आजी उपवास मोडणार नाही आणि मुलगा तिला आग्रह करणार नाही. चंद्रोदयापर्यंत उपाशी, पोटात ग्लिमेपिराइड आणि पायांखाली दिवसभराची चाल, हे एकत्र येऊ देऊ नये. तारीख एक दिवस पुढे सरकविणे सर्वांत सोपे.

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले होते. नातवंडे आली आहेत, पुन्हा तोच बेत आहे. या वेळी मी बोलण्याआधी त्यांनीच खिशातून चौकटीचा कागद काढून पुढे केला. चक्क शाळेचे वेळापत्रक. सव्वाआठ: न्याहारी व गोळी, खोली सोडण्यापूर्वी. एक वाजता मोठी सुट्टी: जेवण. साडेचार: फुटाणे व ताक. साडेसात: रात्रीचे जेवण. घंटा वाजविण्याचे काम थोरल्या नातीकडे, आणि शेरा असा की पाळण्याचा नंबर अगदी जवळ आला असला तरी घंटा झाल्यावर रांग सोडावी. खाली 'मुख्याध्यापक' असे लिहून सहीसाठी जागा ठेवली होती.

सकाळ आणि एक वाजण्याच्या मध्ये बरेच अंतर होते. तेथे मी 'साडेदहा: लहान सुट्टी, एक केळे' असे लिहिले आणि सही केली.